बंदर सापडत नाही

मशीद बंदरला, तिसऱ्या मजल्यावर,
संगणक म्हणतो : पोर्ट सापडत नाही.
छेडाशेठ हसतात.
"आम्ही तरी आजोबांपासून शोधतोय, मॅडम.
बंदर पाटीवर उरलंय फक्त."

मी हसत नाही. सकाळपासूनची ही तिसरी केबल.
खालच्या वखारीत कुणीतरी पोतं फोडलंय,
मिरचीचा खकाणा जिन्यानं वर येतो
आणि मी शिंकत शिंकत स्क्रू आवळते.

टेबलावर काटा. मिरी-हळदीतला ओलावा मोजणारा,
माझ्याहून वयानं मोठा असावा.
चिमूटभर मिरी पोटातल्या दिव्यावर तापवतो,
किती वजन उडालं ते सांगतो.
सांगतो म्हणजे, स्वतःच्या काचेवर.
तिथून हर्षिल वहीत उतरवतो, वहीतून संगणकात,
आणि या दोन पायऱ्यांमध्ये कुठेतरी
अकरा पूर्णांक चारचे चौदा पूर्णांक एक होतात
आणि भरलेला कंटेनर न्हावाशेव्याहून परत येतो.
म्हणून मी.

कॉम एक : मदरबोर्डवर आहे, डब्याला भोक नाही.
कॉम तीन : कुणीतरी बसलंय.
कोण, तर बारकोड वाचणारं जुनं यंत्र,
जे दोन दिवाळ्यांपूर्वीच भंगारात गेलं.
पागडीच्या खोलीसारखं आहे हे.
माणूस गावी, कुलूप इथे,
आणि भाडेपावती अजून त्याच्याच नावावर.
लपलेली उपकरणं दाखव म्हणते. फिकट अक्षरांत दिसतं.
काढून टाकते.
काट्याला कॉम चार देते, शुभशकुन वगैरे काही नाही,
रिकामा होता.

अक्षरं आली!
चौकोन, प्रश्नचिन्ह, पौंडाची खूण, पुन्हा चौकोन.
"बोलला," हर्षिल ओरडला.
बोलला खरा.
नऊ हजार सहाशे. एकोणीस हजार दोनशे.
अठ्ठेचाळीसशेला थोडा कमी कचरा, असं मला वाटलं,
वाटण्याला काही अर्थ नव्हता.
मॅन्युअल कुठंय विचारलं तर शेठनी वर बोट दाखवलं,
माळ्याकडे की देवाकडे, कळलं नाही.

मग तेच म्हणाले, "तुस्कानोबाईंना ठाऊक असायचं."
एकतीस वर्षं हा काटा त्यांच्या हाताखाली.
आता नंदाखालला असतात, कोंबड्या पाळतात,
ऐकू कमी येतं.
मी फोनवर बॉड रेट, पॅरिटी असं भराभर ओरडले.
पलीकडे कोंबडा आरवला.
मग खूप वेळानं, एकेक शब्द पाटावर ठेवल्यासारखा :
"काटा. पालथा. कर गो."

पालथा केला. तळाला पिवळी पडलेली चिकटपट्टी,
बॉलपेननं, शाळेतल्यासारखं अक्षर :
२४००. सात. सम. थांबा एक.

चोवीसशे. इतक्या खाली मी गेलेच नव्हते.
इतकं सावकाश हल्ली कुणी बोलत नाही,
फोनवरच्या त्या सोडून.

आकडे आले. एकाखाली एक, दशांशचिन्ह दशांशचिन्हाखाली,
प्रार्थनेला उभ्या मुलांसारखे.
फक्त पहिलाच आकडा शून्य नव्हता.
रिकाम्या थाळीवर तेरा मिलिग्रॅम.
"पण आपण ठेवलंच नाहीये काही," हर्षिल.
पंखा बंद करायला लावला. नऊ.
थाळी उचलून अंगठ्यानं पुसली,
अंगठा पिवळा झाला.
कालची हळद असेल. किंवा बाईंच्या वेळची.
शून्य आलं. त्यापुढे ग्रॅमचं जी, आणि एक रिकामी जागा.

फोन अजून चालूच होता, टेबलावर, उताणा.
त्यातून विचारणं येत होतं, बहुतेक केव्हापासून :
"आला का गो?"
आला, म्हटलं. पोचलं नाही.
पुन्हा म्हटलं, जोरात. नाहीच.
मग आवाज खाली घेतला
आणि प्रत्येक शब्दामागे एक थांबा सोडत गेले :
आला.
बाई.
तुमचा.
काटा.